हार्ट फेल्युअरचा पेशंट आणि घरातला मिठाचा पुडा

विचारणाऱ्या ताई मूळच्या साताऱ्याकडच्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आडगावच्या उपकेंद्रात त्या समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नुकत्याच रुजू झाल्या आहेत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: हद्दीत हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडलेले, चार-पाच पेशंट आहेत. मोठ्या दवाखान्यातून सुट्टी होताना हातात छापील आहारतक्ता मिळतो. त्यात ओट्स, ब्राउन राइस, उकडलेल्या भाज्या आणि ‘मीठ २ ग्रॅम’. पेशंट हो हो म्हणतात आणि महिनाभरात पाय सुजून, धाप लागून परत भरती होतात. विदर्भातल्या खाण्याला धरून केलेला तक्ता कुणाकडे असेल तर हवा आहे. बाजारात मिळणारं ‘लो सोडियम’ मीठ द्यावं का, हेही त्यांनी विचारलंय.

तक्ता माझ्याकडे आहे, मागितला तर पाठवीन. पण त्याचंही तेच होईल. ईसीजी आणि एक्स-रेच्या पिशवीत त्याची घडी पडून राहील आणि पुढच्या भरतीला तिथूनच निघेल. ओट्स खोडून ज्वारीची भाकर लिहिली म्हणून तक्ता इथला होत नाही. भाकर तर ते खातच होते. तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. त्या एका घरात मीठ कुठकुठून येतं, किती येतं, आणि ते कमी करणं कुणाच्या हातात आहे? हे कळलं की तक्त्याची फारशी गरज उरत नाही.

आधी काही गोष्टी मोकळेपणाने सांगते. मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही. वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या हृदयरुग्णांसोबतच माझी बरीचशी नोकरी गेली. खाली लिहिलंय ते सगळ्यांना सरसकट लागू नाही. हृदय कशाने कमजोर झालंय (झटका, झडप, जुनं बीपी, दारू), किडनी कशी आहे, साखर आहे का, लघवीची गोळी किती चालू आहे आणि महिना कोणता आहे, यावर सल्ला बदलतो. मे महिन्यातला आणि डिसेंबरातला सल्ला एकच असेल तर काहीतरी चुकतंय असं समजा.

मीठच का, हे पेशंटला पटेल असं सांगता आलं पाहिजे. हृदयाचा पंप कमजोर पडला की किडनीकडे रक्त कमी पोचतं. अंगात पाणी कमी आहे असा किडनीचा समज होतो आणि ती मीठ-पाणी धरून ठेवते. मीठ जितकं आत, तितकं पाणी त्याच्यामागे. हिशेब मांडायला सलाईनची बाटली फार कामाची आहे. एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे बाहेर न पडलेलं दीड-दोन चमचे मीठ अंगात लिटरभर पाणी अडकवतं. आपल्याकडे अशक्तपणा आला की गावातल्या डॉक्टरकडे जाऊन ‘एक बाटली लावून द्या’ म्हणायची पद्धत आहे. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला अर्ध्या लिटरची बाटली लागली, तर साडेचार ग्रॅम मीठ थेट शिरेतून गेलं. आहाराची एवढी चर्चा करून हे विचारायचं राहून जातं. पहिल्याच भेटीत विचारा.

आता किती मीठ? जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही काठोकाठ नव्हे. तक्त्यातले २ ग्रॅम बहुधा सोडियमचे असतात, मिठाचे नव्हेत. २ ग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ. छापताना कुठेतरी ही गल्लत होते आणि पेशंट घाबरून जेवणच सोडतो.

याहून कडक करून फायदा आहे का? २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सोडियम-एचएफ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा देशांतले ८०६ पेशंट होते, आणि एका गटाला दिवसाला १५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियमचं ध्येय दिलं होतं. वर्षभरात मृत्यू आणि हृदयाच्या कारणाने दवाखान्यात जाणं यांत ठळक फरक पडला नाही. पेशंटना बरं वाटण्यात थोडी सुधारणा दिसली. हे वाचून काहींनी ‘मीठ कमी करण्यात अर्थ नाही’ असं काढलं. पण त्या चाचणीतला नेहमीचं खाणारा गटसुद्धा साधारण ५ ग्रॅम मिठावरच होता. आपल्याकडे घरोघरी ८ ग्रॅम आणि त्याहून जास्त सहज जातं. मी त्यातून एवढंच घेतलं: दहा-बारावरून पाच-सहावर आणण्यासाठी जीव ओता, पाचावरून तीनवर आणण्यासाठी पेशंटशी भांडू नका.

घरात किती जातं हे कसं कळणार? ‘मीठ किती खाता’ या प्रश्नाला आजवर कुणी खरं उत्तर दिलेलं नाही. खोटं बोलायचं असतं असं नाही. वरून घेतलेलं तेवढंच मीठ, अशी समजूत असते. संवाद साधारण असा चालतो:

“मावशी, मीठ कमी केलं का?”

“हो बाई, मी तं मीठ खातच नाही. वरून चिमूटभरही घेत नाही.”

“पुडा कधी आणला मागं?”

“बजाराच्या दिवशी. परवाच.”

“अन् त्याच्या आधीचा?”

“तो पोळ्याच्या आदल्या दिवशी आणला व्हता. वीसेक दिवस झाले असतीन.”

“जेवणारे किती?”

“आम्ही दोघं, पोरगा, सून.”

एक किलोचा पुडा, वीस दिवस, चार माणसं. माणशी रोजचे साडेबारा ग्रॅम. वरून चिमूटभरही न घेता. हे गणित मावशींसमोर, त्यांच्या सुनेसमोर मोठ्याने करा. पाच माणसांच्या घरात किलोचा पुडा चाळीस दिवस पुरला, तर माणशी पाच ग्रॅम पडतात. मग ध्येयही त्याच भाषेत सांगता येतं: ‘पुढचा पुडा निदान दीड महिना गेला पाहिजे.’ ग्रॅम कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पुडा राहतो. दोन गोष्टी मात्र विचारून घ्या: त्यातलंच बैलांना-गाईला जातं का, आणि त्या महिन्यात लोणचं किंवा पापड घातले का. नाहीतर हिशेब फसतो आणि सून उगाच बोलणी खाते.

यानंतर मिठाच्या वाटा शोधायच्या, आणि त्या घरागणिक वेगळ्या निघतात. पण इथल्या काही वाटा सारख्या भेटतात.

पहिला ठेचा. मजुरी करणाऱ्या घरात शिदोरीत भाकर, ठेचा, कांदा असतो. ज्या दिवशी भाजीला पैसे नसतात, त्या दिवशी ठेचा हीच भाजी. अशा पेशंटला ‘ठेचा बंद’ म्हणणं म्हणजे ‘कोरडी भाकर खा’ म्हणणं. मिरची-लसूण वाटताना खडे मीठ घातलं की वाटायला सोपं जातं, म्हणून हात सैल सुटतो. मी सांगते, मुठभर भाजलेले शेंगदाणे किंवा तीळ घालून वाटा, वाटायला तेच मदत करतात. मीठ शेवटी, निम्म्याने; वर लिंबू पिळा. जवसाची चटणीही अशीच. मिरचीवर माझा काही राग नाही. ‘तेल, तिखट, मीठ बंद’ हे त्रिकूट कुणीतरी कधीतरी जोडून दिलंय आणि ते एका दमात सांगितलं जातं. या तिघांत पाणी अडकवणारं एकच आहे. तिखट, लसूण, आंबट पूर्ण ठेवलं तर कमी मीठ खपून जातं. कैरी, चिंच, अंबाडी, लिंबू, भरपूर सांभार (कोथिंबीर), भाजलेलं जिरं, काळा मसाला हे सगळं आपल्या बाजूचं आहे. महिना-दीड महिन्यात बहुतेकांच्या जिभेला सवय होते आणि मग पंगतीतली भाजी खारट लागते. तोवर धीर द्यावा लागतो.

दुसरी वाट कणीक आणि भात. भाकरीत बहुतेक घरी मीठ नसतं. पोळीच्या कणकेत आणि भाताच्या आधणात मात्र असतं. हे मीठ जिभेला जाणवत नाही, म्हणून गेलं तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. सगळ्यात आधी इथलं काढायला सांगा. भांडण न होता सुटणारं मीठ हेच.

तिसरी वाट सोड्याची, आणि इथे सगळे फसतात, शिकलेलेसुद्धा. खाण्याचा सोडा आणि पापडखार खारट लागत नाहीत, पण त्यांतही सोडियमच आहे. चहाच्या एका चमचाभर सोड्यात साधारण ३ ग्रॅम मिठाइतकं सोडियम असतं. बोअरचं पाणी जड असलेल्या गावात तुरीची डाळ शिजत नाही म्हणून बायका चिमूट-दोन चिमटी सोडा टाकतात. डाळ आधी भिजत घालायची, कुकर असेल तर त्यात लावायची, मीठ शिजल्यावर टाकायचं. एवढ्याने सोडा सुटतो. त्याहून वाईट आहे ती गॅसची फसफसणारी पुडी. हार्ट फेल्युअरमध्ये यकृताला आणि आतड्याला सूज असते. दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं, पोटाला तडस लागते. पेशंट त्याला ‘गॅस’ म्हणतो, किराणा दुकानातून पुडी आणतो आणि पाण्यात टाकून पितो. बहुतेक पुड्यांत सोडाच असतो. म्हणजे अंगातल्या पाण्याने झालेल्या त्रासावर तो आणखी सोडियम घेतोय. ‘गॅससाठी काही घेता का?’ हा प्रश्न तुमच्या वहीत पहिल्या पानावर लिहा.

लोणचं, पापड, कुरड्या, सांडगे, मुगवड्या, खारातल्या मिरच्या यांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. फक्त ‘वाळवण बंद’ असा फतवा काढू नका. तळलेला पापड सोडवता आला आणि लोणच्याच्या फोडीऐवजी ताजी कैरी-कांदा आला, तरी खूप झालं. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे वाळलेली मासोळी असते. ती नुसती उन्हात वाळवलेली आहे की मीठ लावून खारवलेली, हे विचारा. खारवलेली असेल तर गरम पाण्यात भिजवून दोनदा पाणी टाकून द्यायचं. चहासोबतची शेव, चिवडा, आणि दारूसोबतचे खारे दाणे हेही विचारायचे. दारू हृदयाच्या स्नायूलाच मारते, तेव्हा ती कमी करून चालत नाही, सोडावी लागते. खर्रा (सुपारी-तंबाखू) आहारात मोडत नाही म्हणून विचारायचा गाळू नका.

आणि सैंधव. ‘मी साधं मीठ सोडलं बाई, सैंधव खातो’ असं सांगणारे दर आठवड्याला भेटतात. सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच आहे. काळ्या मिठाचंही तेच. उपवासाला चालतं म्हणून हृदयाला चालतं असं होत नाही.

आता ज्याच्यावर सगळं अडतं ते. बाह्यरुग्ण विभागात बाबाजींना त्यांचा मुलगा घेऊन येतो. सल्ला ऐकतो मुलगा, आणि चुलीजवळ असते सून किंवा बायको. तिला ते कानावर पडतं ते ‘डॉक्टरनं अळणी सांगितलंय’ एवढंच. मी विचारते, घरी स्वयंपाक कोण करतं? फोन लावा त्यांना, स्पीकरवर घ्या. तुमची सोय माझ्यापेक्षा चांगली आहे. तुम्ही आशाताईंना घेऊन घरी जाऊ शकता. जा तेव्हा चुलीजवळ बसा. मीठ कोणत्या भांड्यात आहे, चमच्याने टाकतात की हाताने, भाजीला किती वेळा पडतं, हे डोळ्यांनी पाहा. हाताने टाकणारीला चमचा हाती देणं हाच एक मोठा बदल असतो.

पेशंट बाई असेल तर गोष्ट आणखी अवघड. ती सगळ्यांचं करते आणि शेवटी उरेल ते खाते. स्वतःसाठी वेगळी अळणी भाजी ती कधीच करणार नाही. इंधन, वेळ आणि लाज, तिन्ही आड येतात. नवऱ्याला, मुलाला ‘आईसाठी वेगळं करा’ म्हणून उपयोग नाही. अशा घरात मी एकच सांगते: भाजी सगळ्यांसाठी कमी मिठाची होऊ द्या, ज्याला हवं त्याने ताटात वरून घ्यावं. आणि हे तिच्या तोंडून नको, नवऱ्यासमोर तुमच्या तोंडून जाऊ द्या. बीपी घरात बहुधा आणखी एखाद्याला असतंच. त्याचं बीपी तिथेच मोजा, सगळ्यांचं मीठ कमी करायला ते कारण पुरतं. सेवाग्राम जवळ असल्यामुळे मी कधीकधी कस्तुरबांची गोष्ट सांगते. दक्षिण आफ्रिकेत त्या आजारी असताना गांधीजी त्यांना मीठ आणि डाळ सोडा म्हणाले. त्या म्हणाल्या, तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्हीही सोडणार नाही. झालं, गांधीजींनी वर्षभरासाठी दोन्ही सोडून दिलं. ऐकून बायका नवऱ्याकडे बघून हसतात. डाळ मात्र कुणी सोडू नये, हे लगेच जोडावं लागतं!

यावरून दुसरी, माझ्या मते मिठाइतकीच मोठी गोष्ट: आपले पेशंट उपाशी आहेत. शहरातल्या तक्त्यांच्या मनात जाडजूड पेशंट असतो. आपल्याकडचा पेशंट पुष्कळदा हाडकुळा असतो, दंड-मांड्या वाळलेल्या, आणि पायाच्या सुजेमुळे वजन बरं दिसतं. त्याला तूप बंद, तेल बंद, भात बंद, अंडं बंद, बटाटा बंद करत गेलं तर सूज उतरते आणि मागे सापळा राहतो. सूज नसतानाचं वजन महिनोन्‌महिने घटत असेल तर ते चांगलं लक्षण नाही. म्हणून मीठ काढताना दुसरं काहीतरी ताटात वाढलं पाहिजे: वरणात डाळ दाट, भाकरीवर शेंगदाण्याचं कूट, अंडं चालत असेल तर अंडं, दूध किंवा दही, नदी-तलावाची ताजी मासोळी. पोट लवकर भरतं म्हणून दोनदा पोटभर खाण्यापेक्षा पाचदा थोडं थोडं. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, कारण भरल्या पोटी आडवं झालं की धाप वाढते. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी सिकलसेलची (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का बघा. आपल्या भागात रक्त कमी म्हणजे लोहच कमी असं गृहीत धरून चालत नाही.

एक सूचना झडपेच्या पेशंटसाठी. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले तरुण पेशंट गावाकडे अजून भेटतात, आणि कृत्रिम झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी असते, वॉरफेरिन किंवा अॅसिनोकुमॅरॉल. त्यांना ‘पालेभाजी बंद’ सांगितलेलं असतं. पूर्ण बंद करायची गरज नाही, दर आठवड्याला साधारण सारखी ठेवायची असते. अडचण मोसमाची आहे: पावसाळ्यात रानभर तरोट्याची भाजी उगवते, हिवाळ्यात मेथी-पालक-चवळी स्वस्त होते आणि ताटात एकदम वाढते, उन्हाळ्यात नाहीशी होते. त्या बदलाच्या दिवसांत आयएनआरची (रक्त किती पातळ आहे त्याची) तपासणी चुकवू नका.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. ‘दिवसाला दीड लिटरच’ हा नियम जुन्या सवयीने सगळ्यांना सांगितला जातो. २०२५ मध्ये नेदरलँड्समधली फ्रेश-अप नावाची चाचणी आली. स्थिर असलेल्या ५०४ पेशंटमध्ये दीड लिटरचं बंधन आणि मोकळं पाणी यांची तुलना केली, तर तब्येतीच्या मोजमापात ठळक फरक दिसला नाही. बंधन घातलेल्यांना तहान मात्र जास्त छळत होती. आणि ते नेदरलँड्स. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर जातो आणि पेशंट तूर-कपाशीच्या रिकाम्या शेतात धसकटं वेचत असतो. स्थिर पेशंटला मी उन्हाळ्यात तहानेपुरतं पाणी पिऊ देते. ज्यांची सूज आटोक्यात नाही, ज्यांचं रक्तातलं सोडियम घटलंय, त्यांना डॉक्टरांनी दीड-दोन लिटरचं बंधन घातलं असेल तर ते पाळायचंच. मग लिटर कसं मोजायचं? सकाळी पाण्याच्या दोन बाटल्या भरून ठेवायच्या, दिवसभर त्यातूनच. चहा, ताक, दूध, पातळ वरण प्यायलं की तेवढं बाटलीतून कमी करायचं.

उन्हाळ्यात दोन धोके उलट दिशांनी येतात. एक, लघवीची गोळी चालू आणि घाम भरपूर, त्यामुळे अंगातलं पाणी खरंच आटतं. उठताना अंधारी येते, वजन उतरतं, लघवी कमी होते. अशा वेळी आपण डॉक्टरांना कळवायचं, गोळीचा डोस ते ठरवतील. दुसरा, ऊन लागलं म्हणून कुणीतरी ओआरएसचं पाकीट देतं. एका लिटरच्या पाकिटात चार ग्रॅमपेक्षा जास्त मिठाइतकं सोडियम असतं. जुलाब-उलट्या होत असतील तर डॉक्टरांना विचारून द्यावंच लागेल. नुसत्या थकव्याला नको. मीठ घातलेलं पन्हं आणि खारं ताकही याच रांगेत. साधं ताक जिरं घालून प्यावं.

सण आणि पंगत. इथे ‘जाऊ नका’ म्हणू नका, कारण तेरवीला न जाणं शक्यच नसतं. पंगतीच्या दिवशी घरचं बाकीचं जेवण बिनमिठाचं ठेवायचं, आणि पंगतीत काय सोडायचं ते आधी ठरवायचं. महालक्ष्मीच्या जेवणात पुरणपोळी मिठाच्या हिशेबात निरुपद्रवी आहे, साखरेची तब्येत असेल तर अर्धी. कढी, भजी, वडे, पापड, लोणचं यांत सगळं मीठ असतं. ‘पुरणपोळी खा, कढी सोडा’ म्हटलं की म्हातारी माणसं खूश होतात, आणि खूश माणूस बाकीचं ऐकतो.

उपवासाची गोष्ट वेगळी. साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले पापड खाऊन केलेला उपवास रोजच्या जेवणापेक्षा जड पडतो. पण माझ्या लेखी मोठी भीती आहे ती औषधाची: ‘उपाशीपोटी गोळी कशी घेऊ’ म्हणून एकादशीला, चतुर्थीला, श्रावणी सोमवारी गोळ्या चुकतात. महिन्यातले चार-पाच दिवस गेले की सूज येते. पाण्यासोबत गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही, हे तुमच्यापेक्षा गावातल्या महाराजांनी किंवा घरातल्या आजीने सांगितलं तर पटतं. त्यांना आधी भेटा. रोजे ठेवणाऱ्या पेशंटना रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे पाठवा. आजाऱ्याला सवलत आहे हे त्यांना माहीत असतं, तरी ठेवायचे असतात. तेव्हा गोळ्यांच्या वेळा आधी बसवून घेतलेल्या बऱ्या. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी (साखरेसाठी आणि हृदयासाठीही देतात ती) गोळी चालू असेल तर कुठलाही कडक उपवास विचारल्याशिवाय नको.

वजनाचं सांगायला हवं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, तूप नव्हे. त्याच दिवशी कळवायचं. घरी काटा नसतो. उपकेंद्राचा, अंगणवाडीचा किंवा धान्य दुकानदाराचा काटा चालेल, फक्त दर वेळी तोच आणि सकाळी जेवणाआधी. रोज जमणार नाही, हे मान्य करून आठवड्यातून दोनदा तरी ठरवा. मधल्या दिवसांसाठी अंगावरच्या खुणा वापरा. बायकांची जोडवी रुतायला लागली, पुरुषांचा करदोडा आवळायला लागला, चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटला, रात्री एका उशीच्या दोन झाल्या. हे त्यांना स्वतःला कळतं आणि घरच्यांनाही दिसतं.

तुमचा दुसरा प्रश्न राहिला: लो सोडियम मीठ. उत्तर ‘नको’ असं आहे, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. नुसतं बीपी असलेल्या धडधाकट माणसाला त्याचा उपयोग होतो. पण तुमच्या पेशंटच्या पिशवीत बहुधा स्पायरोनोलॅक्टोन, आणि रामिप्रिल किंवा लोसार्टनसारखी गोळी असते. या दोन्ही पोटॅशियम अंगात धरून ठेवतात, किडनीही कमजोर असते. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस अचानक दगावू शकतो. याच कारणाने आजाऱ्याला भेटायला येणारे जी नारळपाण्याची रांग लावतात, तीही आवरा.

शेवटी, ज्या पेशंटचा पुडा खरंच ठरल्याइतके दिवस पुरतोय आणि तरी सूज येते, त्याच्या जेवणाच्या मागे लागू नका. पिशवी उलटी करा आणि गोळ्या मोजा. लघवीची गोळी बाजाराच्या दिवशी किंवा एसटीने जायचं असलं की टाळली जाते, कारण वाटेत जायला जागा नसते. ती त्या दिवशी घरी परतल्यावर घेता येईल का ते डॉक्टरांना विचारून ठेवा. महिन्याच्या गोळ्या संपल्या आणि कापूस विकेपर्यंत आणल्या नाहीत, हेही सर्रास होतं. गुडघे-कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन किंवा दुकानातली दुखायची गोळी चालू आहे का, ते तर विचाराच. त्या गोळ्या किडनीला मीठ धरून ठेवायला लावतात. यातलं काहीच सापडलं नाही, धाप वाढतेय, रात्री बसून झोपावं लागतंय, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी पाठवा. सोबतच्या चिठ्ठीवर गेल्या दोन आठवड्यांची वजनं आणि चालू गोळ्यांची नावं लिहा.